दुसरी हाक

ऑक्टोबरवर कोणी गाणी लिहीत नाही, आणि त्यात ऑक्टोबरचा काही दोष नाही असंही मी म्हणणार नाही. गणपती गेलेले, दिवाळी यायची, पाऊस सांगून न सांगता निघून गेलेला, आणि मध्येच हा महिना, न बोलावता पंगतीत बसलेल्या माणसासारखा घाम पुसत. पनवेलला तर तो जास्तच अंगावर येतो. एकीकडे हायवेची धूळ, दुसरीकडे खाडी. पावसाळाभर फुगलेला खाडीचा चिखल या दिवसांत तडकायला लागतो आणि त्याचा वास गावभर फिरतो. खारट, थोडा कुजका. नव्याने राहायला आलेले लोक विचारतात, कसला हो वास? जुने लोक म्हणतात, कुठला वास?

मला तो वास येतो. दरवर्षी येतो.

मी सध्या गावातल्या एका जुन्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली बसतो. सुईला घाबरणाऱ्या पोरांना मी आवाज काढून दाखवतो. एसटीचा कंडक्टर, भंगारवाला, भांडणारी मांजरं. पोरगं हसतं तोवर सुई आत. बाहेरच्या बाकावरून एखादी मावशी विचारते, "ह्यो डाक्टर हाय का तमासगीर?" मी म्हणतो, "सकाळी डॉक्टर, संध्याकाळी तमासगीर, मावशी. तुम्ही कधी आलात त्यावर आहे."

एक आवाज मात्र मी काढत नाही. चार वर्षं झाली.

तेव्हा मी दुसऱ्या एमबीबीएसला होतो. खांदा कॉलनीच्या कडेला एक चार माळ्यांची बिल्डिंग कॉलेजने हॉस्टेल म्हणून घेतली होती. आजूबाजूला निम्म्या इमारती बांधून झालेल्या आणि निम्म्या नुसत्या खांबांवर उभ्या. संध्याकाळी त्या खांबांमधून वारा जायचा तेव्हा कोणीतरी बाटलीत फुंकतंय असं वाटायचं. परीक्षेआधी वर्ग बंद होऊन अभ्यासाची सुट्टी लागायची, आम्ही तिला पी.एल. म्हणायचो. पी.एल.मध्ये हॉस्टेलचा एक रिवाज होता. आपल्याला किती वाजता उठायचंय ते झोपताना दारावर खडूने लिहून ठेवायचं. जो आधी उठेल त्याने बाकीच्यांना उठवायचं. आधी उठणारा नेहमी मीच. आमचं महाडचं घर एसटी स्टँडला लागून, पहिल्या गाडीच्या सेल्फच्या आवाजाने माझे डोळे उघडायचे ते तसेच राहिले. त्यामुळे दारांवर नुसती वेळ नसायची. "टेप, ४.३०" असं असायचं. टेप म्हणजे मी. टेपरेकॉर्डरमधला.

नुसतं दार वाजवून उठवणं मला कसं जमणार? प्रत्येकाला त्याचा त्याचा आवाज. नागपूरच्या एका जाड्याला मी पॅथॉलॉजीच्या सरांच्या नाकातल्या आवाजात उठवायचो, "मिस्टर, स्लाइड ओळखा." तो डोळे मिटूनच म्हणायचा, "सर, लिव्हर." कोणाला रेक्टर, कोणाला मेसचा आचारी, "पोहे संपले, पोहे संपले." पोरं शिव्या द्यायची आणि पुन्हा रात्री माझंच नाव लिहायची.

काश्या माझा रूममेट. काशिनाथ. ओवे गावाच्या खालच्या अंगाला, खाडीवर त्यांचं मिठागर. गावातला पहिलाच मेडिकलला आलेला, त्यामुळे गावातली माणसं त्याला आत्तापासूनच गुडघे दाखवायची. स्वभावाने मऊ. मी चिडवलं तर हसायचा, आणि हसताना तोंडावर हात धरायचा. त्याचे बाबा महिन्यातून एकदा सायकलवरून यायचे. घरात फोन नव्हता, निरोप द्यायचा तर सायकलच. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, आणि सगळ्यात शेवटी कागदाच्या पुडीत मूठभर मीठ. मी एकदा विचारलं, "काका, मेसमध्ये मीठ असतं की." तर म्हणाले, "असतंय. पन त्याला ह्या मिठाची सवय हाय." आवाज असा की विहिरीतून यावा. खालून, दगडाला घासून.

तो आवाज ऐकल्याबरोबर मला खाज सुटली. ते गेल्यावर मी काश्याला विचारलं, "तुझे बाबा तुला उठवायचे कसे रे?"

काश्याने सांगितलं. पुनवेला, अवसेला खाडीला उधाण येतं. मिठागराला समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध असतो. तो कुठे दबला तर बाप-लेकाने फावडी घेऊन पळायचं. बाबा ओट्यावरून हाक मारायचे, "बाला, उट. पानी आयलं." एकदाच.

"आणि नाही उठलास तर?"

"दुसरी हाक मारत नाय ते. एकटेच जातात." काश्या थोडा थांबून म्हणाला, "एकदाच झोपून राहिलेलो. सातवीत. मंग कधी नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे, दारावरच्या साडेचारला, मी खिडकीकडे तोंड करून तो आवाज काढला. बाला, उट. पानी आयलं.

काश्या उठला नाही, उडाला. डोळे मिटलेले, पण माणूस दारात उभा, आणि दाराच्या मागे चाचपतोय. फावडं शोधत होता. त्याच्या हाताला झाडू लागला. तो झाडू घेऊन जिन्यापर्यंत गेला. आम्ही पोटं धरून हसलो. तोही हसला, तोंडावर हात धरून. पण दुसऱ्या हातातला झाडू अजून घट्ट धरलेला होता. ते मला दिसलं, आणि मी ते पाहिलं नाही असं केलं.

मग रोज तोच खेळ. आठ दिवस तरी. पोरं बघायला यायची.

झोप कशी जाते हे कोणाला कळत नाही. चोर जाताना जसं दार ओढून घेतो तशी ती जाते, घरात सगळं जागच्या जागी. काश्या दिवसा आमच्यासारखाच हिंडायचा. फक्त चहात मीठ घालायचा आणि प्यायचा, पुस्तकाचं तेच पान उघडून बसायचा. एकदा आम्ही हायवेवर टपरीला चाललो होतो, मी बडबडत होतो, आणि बाजूला बघतो तर काश्या नाही. मागे रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर उभा होता, मान छातीवर. उभ्या उभ्या झोपला होता. पुण्याकडून ट्रक येत होता. मी त्याला ओढला तेव्हा तो म्हणाला, "आलो, आलो," आणि ते मला उद्देशून नव्हतं.

करमरकर मॅडम आम्हाला मानसोपचार शिकवायच्या, पी.एल.मध्येही त्यांचा तेवढा तास चालू असायचा. बारीक चणीच्या, पातळ कॉटनची साडी, पायात पुरुषी चप्पल. अर्धा वर्ग जांभया देतोय हे बघून त्यांनीच विषय काढला. झोपेच्या गोळ्या मागायला आलेल्यांना हाकलून दिलं आणि म्हणाल्या, "झोप आणायची नसते. तिला यायला जागा करून द्यायची असते. आधी मला बघू दे तुम्ही जागा कुठे अडवून ठेवली आहे." प्रत्येकाला एक वही. रोज भरायची. आडवे कधी झालात, झोप कधी लागली, जाग किती वेळा आली, आणि शेवटचा रकाना, जाग कशाने आली.

आता वही म्हटल्यावर मेडिकलची पोरं काय करणार? जे जर्नलचं करतात तेच. रविवारी दुपारी मी तीन रंगांची पेनं घेऊन बसलो आणि सगळ्या माळ्याची आठवड्याची झोप एका बैठकीत लिहून काढली. अक्षराची नक्कलही मला जमते. कोणाला डास, कोणाला लघवी, कोणाला शेजाऱ्याचं घोरणं. फक्त काश्याने स्वतःची वही स्वतः भरली. खरी.

ती मी उघडली नाही. उघडली असती तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांनी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. परत आला तेव्हा चेहरा ओल्या कागदासारखा. पलंगावर बसला आणि वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात, ओळीखाली ओळ. बाबांचा आवाज. बाबांचा आवाज. बाबांचा आवाज. दोन वाजता, तीन वाजता, पुन्हा साडेतीनला.

"मॅडमनी विचारलं, आवाज दिवसा येतात का," काश्या म्हणाला. "घरात अजून कुणाला असं झालेलं का. बाबांना घेऊन ये म्हणाल्या. टेप, आपण शिकलो ना परवा. नसलेला आवाज ऐकू येतो ते कोणाला."

शिकलो होतो. तो धडा मीच वर्गात अभिनय करून सगळ्यांना हसवत म्हणून दाखवला होता.

"परीक्षा सोडून देतो," तो म्हणाला. "बाबांना काय सांगू ते तू सांग. तुला बोलाला येतं."

मी त्या रात्री दिवा घालवला आणि पांघरूण ओढून घेतलं. भित्रेपणा म्हणा. सकाळी मात्र त्याच्या आधी मॅडमच्या दारात उभा होतो. सगळं सांगितलं. आवाज, झाडू, हसणारी पोरं, तीन पेनं. मॅडमनी काश्याला बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "काढ बघू."

भर सकाळी, ट्यूबलाइटखाली, मी हाक मारली. काश्या खुर्चीत बसला होता, टक्क जागा. तरी त्याची दोन्ही पावलं जमिनीवरून उचलली गेली. मॅडम त्याच्या पावलांकडेच बघत होत्या.

"वेड नाही हे," त्या म्हणाल्या. "शिकवण आहे. तुझ्या अंगाने शिकून घेतलंय की झोपलो की हाक येते."

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात काश्या हळू आवाजात म्हणाला, "पण मॅडम, मधले चार दिवस हा महाडला गेलेला. तेव्हापण आला आवाज."

"येणारच," मॅडम म्हणाल्या. "आता हाक मारायला याची गरज उरलेली नाही."

मी पुष्कळ आवाज काढलेत. सरांचे, पुढाऱ्यांचे, मेलेल्या आजोबांचा सुद्धा, आजीने हट्ट केला म्हणून. आवाज काढला की तो हवेत विरतो असं मी समजत होतो. तो दुसऱ्याच्या अंगात जाऊन भाड्याने राहतो आणि मग घर सोडत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचा उपाय ऐकायला सोपा होता. पलंग फक्त झोपायला, अभ्यास खुर्चीत. एकच्या आधी आडवं व्हायचं नाही, सहाच्या आधी उठायचं नाही आणि सहानंतर लोळायचं नाही. सहाला उठवणार स्टीलच्या ताटलीत ठेवलेलं घड्याळ. झोप लागली नाही तर पलंगावर तळमळायचं नाही, उठून पॅसेजमध्ये बसायचं. आणि माझ्या वाट्याला वेगळं काम. हाक मारायची, पण दिवसा. काश्या जागा असताना, जेवताना, कपडे वाळत घालताना. हाक मारायची आणि पुढे काहीच होऊ द्यायचं नाही. "हाकेमागे काही येत नाही हे त्याच्या अंगाला कळेपर्यंत," मॅडम म्हणाल्या.

म्हणून मी हाक मारत राहिलो. मेसमध्ये डाळ वाढून घेताना, बाला, उट, पानी आयलं. सुरुवातीला काश्याच्या हातातला घास पडायचा. मग नुसता थांबायचा. मग थांबेनासा झाला. सकाळ, दुपार, चहाला, टपरीवर. आचारी म्हणायचा, "अरे, पानी आलं का पुन्हा? बादली लावू?" काश्या खो खो हसायचा. साबणाची वडी झिजवावी तसा आम्ही तो आवाज झिजवत होतो. एके दिवशी मी हाक मारली आणि काश्या पुस्तकातून मान न उचलता म्हणाला, "येऊ दे." माझ्या अंगावर काटा आला. त्याला कळलं नाही. त्याला आनंदच झाला होता.

आणि झोप आली. आधी दोन तास, मग तीन, मग कोजागिरीच्या आधी ओळीने पाच दिवस, एक ते सहा, सलग. गाल भरले. परीक्षा आठ दिवसांवर होती. मॅडमनी वहीवर लाल पेनाने "छान" लिहिलं.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं. बाकी सगळे जागत बसले, काश्या एकटा खाली जाऊन झोपला. मीही कधीतरी खोलीत येऊन लवंडलो.

सव्वापाचला मला जाग आली. चंद्र पश्चिमेला उतरलेला, अर्धवट इमारतींच्या खांबांच्या सावल्या लांब पडलेल्या. खाडीचा वास नेहमीपेक्षा जवळ आलेला.

"बाला, उट. पानी आयलं."

पहिल्यांदा वाटलं आपणच झोपेत बोललो. मी हात तोंडावर नेऊन बघितला. तोंड मिटलेलं होतं.

काश्याने कूस बदलली. भिंतीकडे. श्वास संथ.

मी खिडकीत गेलो. खाली त्याचे बाबा उभे होते. सायकल आडवी पडलेली, मांडीपर्यंत चिखल, चांदण्यात राखेसारखा दिसणारा. त्यांनी वर बघितलं. खिडकीत कोणीतरी आहे एवढंच त्यांना दिसत असणार.

"बाला," ते म्हणाले. दुसऱ्यांदा. "बांद फुटलाय रातच्या पान्यानं. दुपारच्या भरतीच्या आदी माती पडाला पायजे. दोन हात कमी हायत."

दुसरी हाक. जी ते कधी मारत नव्हते.

मी मागे वळून बघितलं. काश्याचं तोंड किंचित उघडं, हात उशीखाली. घड्याळ ताटलीत. सहाला पाऊण तास. पाच रात्री. आठ दिवस. हे सगळं मी तेव्हा मोजलं असं मी स्वतःला नंतर सांगितलं. खरं सांगू? मी काहीच मोजलं नाही. माझं तोंड माझ्या आधी बोलतं, लहानपणापासून बोलतं.

"बाबा," मी काश्याच्या आवाजात म्हणालो, "आज नाय येत मी. परीक्षा हाय."

हुबेहूब. शेवटचा शब्द तो जरा गिळतो, तोही गिळला.

ते उभे राहिले. वाऱ्याने खांबांमध्ये फुंकर घातली. मग म्हणाले, "बरं." सायकल उचलली, चेन घातली, आणि गेले. जाताना एकदाही वर बघितलं नाही.

सहाला घड्याळ ताटलीत नाचलं. काश्या उठून बसला, आळस दिला आणि म्हणाला, "टेप, आज स्वप्न पडलं रे. किती दिवसांनी." मी विचारलं नाही कसलं.

दुपारी बाराला मेसमध्ये मी भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलो होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. काश्या कढी पीत होता, एका हातात फार्माकॉलॉजी.

बांध राहिला नाही. दुपारच्या भरतीने खिंडार वाढवलं आणि आगरात गाळ भरला. दिवाळीला काश्या पेपर देऊन घरी गेला तेव्हा त्याला कळलं. परत आल्यावर सांगत होता, बाबांनी निरोप का नाही धाडला, मी आलो असतो. त्याच्या बाबांनी त्याला काही विचारलं नाही, बोलले नाहीत. काश्या म्हणाला, "बाबा गप्प झालेत. आगर गेलं ना." मी मान हलवली. त्या वर्षी काश्या पास झाला, चांगल्या मार्कांनी. पुढच्या वर्षी त्या जागेत मुरुमाचे ट्रक यायला लागले. आता तिथे कुंपण आहे आणि आत कोणाच्या तरी बिल्डिंगचा बोर्ड.

काश्या आता मिरजेला पुढचं शिकतोय. पत्रं पाठवतो. झोप उत्तम, असं लिहितो. आवाज कधीच येत नाही. कुठलाच.

आणि हा ऑक्टोबर. मागच्या सोमवारी मी मान खाली घालून पुढचा कागद ओढला आणि विचारलं, "काय होतंय?"

"झोप येत नाय."

मी मान वर केली नाही लगेच. आवाज विहिरीतून आलेला होता. फक्त विहिरीत पाणी कमी झालं होतं.

त्यांनी मला ओळखलं. "तू काशाचा दोस्त ना? तो आवाज काढनारा?" हसले सुद्धा. गोळी मागितली. मी मॅडमसारखंच गोळी नको म्हणालो आणि कोरा कागद घेऊन रकाने आखले. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. आडवे कधी होता, काका? दिवेलागणीनंतर. झोप लागते? लागते, मोडते. किती वेळा? पहाटेला. रोज त्याच टायमाला. शेवटचा रकाना उरला. तो मी सोडून देऊ शकत होतो.

"जाग कशाने येते?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोराचा आवाज येतो. नाय येत बोलतो." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "त्याची चूक नाय. परीक्षाच व्हती. पन मी दुसऱ्यांदा हाक मारली, ती मारायची नव्हती. त्याला नाय बोलाला लावलं मी."

बाहेर बाकावर एक पोर रडत होतं. आई त्याला सांगत होती, आत गेलास की डॉक्टर मांजराचा आवाज काढतो.

मी पेन ठेवलं. चार वर्षं न काढलेला आवाज गंजलाय की काय असं वाटलं. गंजला नव्हता.

"बाबा, आज नाय येत मी. परीक्षा हाय."

त्यांची दोन्ही पावलं जमिनीवरून उचलली गेली. मग हळूच खाली टेकली. ते माझ्याकडे बघत राहिले, माझ्या तोंडाकडे, जिथून तो आवाज आला होता तिथे.

"परत बोल."

मी परत बोललो.

पंखा फिरत होता. मोठे डॉक्टर पलीकडच्या खोलीत कोणाला तरी जीभ बाहेर काढायला सांगत होते.

"मंग तो कुटं व्हता?"

"झोपला होता, काका."

"माझी हाक त्याला आयली नाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. लांब होता, पंखा चालू होता, वारा होता. "आली," मी म्हणालो. "ऐकू आली. पण तिला उठायचं नाही असं आम्ही त्याला शिकवलं होतं. मी शिकवलं होतं. रोज, दिवसभर."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मी आखलेला कागद उचलला, उलटसुलट करून बघितला. त्यांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं.

"काशा शनवारी येनार हाय," ते म्हणाले. "त्याला तू सांगशील का मी सांगू?"

मी म्हणालो, "मी सांगतो."

"बरं," ते म्हणाले. तसंच, त्या पहाटेसारखं. कागद घडी करून खिशात घातला आणि गेले, आणि मी खिडकीत जाऊन बघितलं तर या वेळीही त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

आज शुक्रवार आहे. वारा खाडीकडून आहे. मी काश्याला काय सांगायचं ते आरशासमोर बोलून बघतोय, आणि ते माझ्या स्वतःच्या आवाजात काही केल्या येत नाही.